दगडांची हजेरी

निवृत्त पोलिसाची एक पंचाईत असते. सकाळी फिरून आलं, कट्ट्यावर चहाचा कप हातात घेतला, की कुणीतरी हमखास म्हणतं, "साहेब, एखादा जबरदस्त मर्डर सांगा ना!"

मर्डर मी पाहिलेत. पण खरं सांगू का, त्यातला एकही सांगावासा वाटत नाही. मर्डरमध्ये माणसं फार सारखी वागतात. सांगावंसं वाटतं ते भलतंच! ठाण्याच्या मुद्देमालाच्या खोलीत कुणाची बेवारस सायकल, कुणाची छत्री, कुणाचा एकच बूट वर्षानुवर्षं पडून असतो. मालक येत नाही आणि टाकूनही देता येत नाही. किस्से तसेच साठत जातात. नोकरी संपली तरी खोली काही रिकामी होत नाही.

माझ्या खोलीत सगळ्यात जास्त काय साठलंय म्हणाल, तर दगड!

*

तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं आणि पाऊस लागोपाठ दुसऱ्या वर्षी रुसला होता. शहर मात्र वाढायचं थांबत नव्हतं. बिडकीनकडे मोठी एमआयडीसी येणार म्हणून सगळीकडे जमिनीला भाव आला, शेतं गुंठ्या-गुंठ्यानं विकली गेली आणि बायपासच्या अलीकडच्या माळावर बघता बघता वस्ती उभी राहिली. घरं आली, वीज आली, टीव्हीच्या छत्र्या आल्या. नळ तेवढा यायचा राहिला.

त्या वस्तीसाठी एक नवं ठाणं मंजूर झालं आणि तिथला पहिला पोलीस निरीक्षक म्हणून माझी बदली झाली. ठाण्याचं नाव जाऊ द्या, आम्ही सगळे त्याला 'माळ' म्हणायचो.

मी नुकताच समाजाभिमुख पोलिसिंगचा कोर्स करून आलो होतो. अंगात नवी हवा होती. पोलीस आणि जनता यांच्यातली दरी आपणच बुजवणार अशी माझी पक्की खात्री झालेली. पहिलं काम काय केलं, तर ठाण्याच्या गेटवर एक छान निळी तक्रारपेटी बसवली. वर लिहिलं, 'निर्भयपणे लिहा. नाव गुप्त राहील.' भाषण ठोकलं, टाळ्या घेतल्या.

महिन्यानं सगळ्या स्टाफसमोर मी समारंभपूर्वक पेटी उघडली. आत एकच चिठ्ठी! मी ती मोठ्यानं वाचायला लागलो. "मा. महोदय, आमच्यावर अन्याय होत आहे. बहिणीच्या लग्नाला चार दिवस मागितले होते, दोनच मिळाले."

अख्ख्या माळावरचा सगळ्यात पीडित नागरिक माझाच शिपाई घुगे निघाला!

या घुगेची ओळख करून देतो, कारण पुढं तो लागणार आहे. वय पंचवीस, कडक इस्त्री आणि टापटिपीचं वेड. इतकं, की आरोपीची कॉलर नीट करून मग त्याला लॉकअपमध्ये घालायचा.

*

माळावर गुन्हे कसले? पाण्याचे. टँकर रोज सकाळी सातला यायचा आणि निम्म्या वस्तीला पुरायचा. उरलेल्या निम्म्या वस्तीनं काय करायचं, याचं उत्तर माझ्या कोर्समध्ये नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात दोन बायकांची जुंपली. एकीनं दुसरीच्या डोक्यात हंडा घातला. तीन टाके पडले. आमचे हवालदार शेख तपासाला होते. सगळी वस्ती त्यांना मामू म्हणायची, मीही म्हणायचो. मामूंनी जुन्या वळणाप्रमाणे पंचनामा केला, हंडा जप्त केला, त्याला लेबल लावून सील ठोकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आरोपी बाई हजर. "मामू, हंडा द्या."

"नक्को, बाई. मुद्देमाल है वो. कोर्ट में जाएगा."

"जाऊ द्या की! मी फकस्त भरून आनते. घरी ओतते नि परत देते. मंग लावा तुमचं सील."

मामू माझ्याकडे आले. तीस वर्षांच्या पोलिसिंगमध्ये भरलेला मुद्देमाल त्यांनी पाहिला नव्हता. शेवटी आम्ही कोर्टाच्या परवानगीनं तो हंडा सुपूर्तनाम्यावर तिला परत दिला. अट अशी, की तारखेला तिनं तो हजर करायचा. बाईंनी अंगठा उमटवला आणि बजावलं, "हजर करीन. पन त्या दिवशी माझी पान्याची पाळी असली, तर जज्जसायबाला सांगा, हंडा कामावर हाय!"

*

हसण्यासारखं इतकंच होतं. त्या उन्हाळ्यात शहरभर टँकरवर डोकी फुटत होती. दोन ठिकाणी बंदोबस्ताच्या पोलिसांनाही मार बसला. आमचे मोठे साहेब, म्हणजे आयुक्त, यांनी ठरवलं की वस्त्यांमधले टँकरचे सगळे पॉइंट बंद करून ते मेन रोडला आणायचे. एका जागी टँकर, एका जागी बंदोबस्त. विचार चुकीचा नव्हता. पण आमच्या माळाचा मेन रोड म्हणजे बायपासच्या पलीकडे. दिवसभर एमआयडीसीचे ट्रक, ना सिग्नल, ना पूल.

आदल्या उन्हाळ्यात, टँकर वस्तीत येत नव्हता तेव्हा, पाणी आणायला गेलेली एक तरुण बाई त्या बायपासवर ट्रकखाली गेली होती. तेव्हा आमचं ठाणं नव्हतं, मामू जुन्या ठाण्याला होते आणि पंचनामा त्यांनीच केला होता. ते मला एकदाच म्हणाले, "साब, हंडे को एक खरोंच नहीं आई थी." त्यानंतर वस्तीनं रस्ता अडवला आणि टँकर माळावर यायला लागला. हे सगळं मला माहीत होतं. म्हणून साहेबांपुढे उभं राहून मी नको तेवढं बोलून गेलो.

"सर, उन्हाळाभर माझ्या हद्दीत पाण्यावरून एकही मारामारी होणार नाही. झाली तर पॉइंट हलवा."

साहेब मोजकं बोलायचे. "एक जरी झाली, तरी हलवीन. वार्षिक इन्स्पेक्शनला मी स्वतः येऊन बघतो, मग कायमचं ठरवू."

बाहेर आलो आणि मग लक्षात आलं. शब्द दिला मी आणि तो पाळायचा कुणी? हंडेवाल्या बायकांनी!

*

उपाय मी शोधला, असं मी नंतर कितीतरी व्याख्यानांत सांगितलंय. आज खरं सांगून टाकतो. उपाय गिरजाबाईनं शोधला.

एका सकाळी ठाण्याच्या आवारात झेंड्याच्या खांबाशेजारी एक दगड दिसला. घुगेनं उचलून बाहेर टाकला. दुसऱ्या दिवशी तोच दगड, त्याच जागी. घुगेनं पुन्हा टाकला. तिसऱ्या दिवशी आम्ही पाळत ठेवली. एक वाळकी म्हातारी आली, पदराखालून दगड काढला, ठेवला आणि चालायला लागली.

"मावशी," मी हाक मारली, "हे काय?"

"नंबर हाय माझा."

"कसला नंबर?"

"टँकरचा. तिथं हंडा ठिवला तर चोरतेत. दगड ठिवला तर मागं ढकलतेत. इथं कोन हलवतंय? ठाण्यात यायला समदे भितेत!" मग घुगेकडे बघून म्हणाली, "ह्यो एकटाच निघाला बगा."

हिचंच नाव गिरजाबाई. मूळची बिडकीनकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. चारा संपला तशी मेंढरं विकली आणि घर उचलून माळावर आली. मुलगा बांधकामावर जायचा. घरात दोन लहान नाती. पाणी भरणारी ती एकटीच. मामूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, तेव्हा कळलं. बायपासवर गेलेली ती तरुण बाई तिची सून होती.

दुसऱ्या दिवसापासून मी ठाण्याचं आवार दगडांसाठी खुलं केलं. टँकरही गेटासमोर उभा राहायला लागला. पोलिसांना लोक घाबरतात, ही माझ्या कोर्समधली सगळ्यात मोठी अडचण होती. गिरजाबाईनं तीच कामाला लावली!

*

हळूहळू नियम ठरत गेले. ते कुणी लिहिले नाहीत, पण आमच्या कुठल्याही कायद्यापेक्षा कडक होते. एका घराचा एक दगड. पाणी मिळालं की दगड उचलून सगळ्यात मागं न्यायचा. बाकीच्यांनी रोज सकाळी सातला येऊन आपापला दगड पुढं सरकवायचा. दुसऱ्याच्या दगडाला हात लावायचा नाही. आणि जो आला नाही, त्याचा दगड गेटाबाहेर! देखरेख गिरजाबाईची.

एका पुढाऱ्याचा पुतण्या या रांगेत आला. पांढरी गाडी, गळ्यात साखळी. बाकीच्यांच्या मुठीएवढ्या दगडांत आपला दगड काय ठेवायचा, असं त्याला वाटलं असावं. त्यानं दोन माणसांकडून एक धोंडा आणवला. पाट्यावरवंट्यातल्या पाट्यापेक्षा मोठा! आणि तो ठेवला थेट पहिल्या नंबरवर.

मी खुर्चीतून उठायला लागलो, तर मामूंनी नजरेनंच थांबवलं.

गिरजाबाई धोंड्याभोवती एक चक्कर मारून आली. "लई झाक हाय, भाऊ. पर शेवटाला ठिव."

"कायकू? मालूम है मैं कौन हूँ?"

"व्हय, ठावं हाय की. म्हून तर सांगते. इथं ठिवला तर पोलिसाला उचलावा लागंल आन तुझंच नाव खराब व्हईल."

धोंडा शेवटी गेला. गंमत त्यानंतर सुरू झाली. दुसऱ्या दिवशी दगड पुढं सरकवायची वेळ आली. दुसऱ्याच्या दगडाला हात लावायचा नाही, हा नियम. पुतण्या गाडीतून उतरला, दोन माणसं बोलावली, धोंडा तीन हात पुढं गेला. तिसऱ्या दिवशी एकच माणूस आला. चौथ्या दिवशी कुणीच नाही. सकाळीच घामाघूम होऊन हा एकटा धोंडा ढकलतोय आणि शंभर बायका पदर तोंडाला लावून बघतायत!

पाचव्या दिवशी तो आला तेव्हा त्याच्या हातात लिंबाएवढा खडा होता.

*

ठाण्यात आणखी एक गोष्ट व्हायला लागली. दगड सरकवायला आलेल्या बायका टँकर रिकामा होईपर्यंत आवारातच बसायच्या. बसल्या की बोलायच्या. कुणाचा नवरा हात उगारतो, कुणाच्या पोरीच्या मागं शाळेच्या वाटेवर दोघं मोटारसायकलवरून फिरतात, कुठल्या पत्र्याच्या शेडमध्ये काय चालतं. मी खिडकीआड फाइल उघडून बसायचो आणि ऐकायचो. पोरीच्या मागं फिरणाऱ्या दोघांना आम्ही त्याच आठवड्यात उचललं. तक्रार कुणी दिली, ते त्यांना आजतागायत कळलेलं नाही.

लताबाई साळवे म्हणून अंगणवाडीच्या मदतनीस होत्या. बाबासाहेबांच्या जयंतीची वर्गणी असो की पोलिओचा डोस, वस्तीतलं प्रत्येक काम त्यांच्या हातून जायचं. एकदा मी त्यांना जरा दुखावल्या सुरात विचारलं, "ताई, गेटवर पेटी लावली होती, तेव्हा का नाही सांगितलंत हे?"

"सर, पेटीत टाकायचं म्हणजे लिहावं लागतं. लिहिलं म्हणजे तक्रार होते. तक्रार झाली की घरात भांडण." त्या हसल्या. "इथं काय, आम्ही दगडापाशी बसून गप्पा मारतो. तुम्ही ऐकता, त्यात आमचा काय दोष?"

पेटी मी पुढं काढून टाकली. तिचं कुलूप चांगलं होतं, ते मामूंनी मुद्देमालाच्या खोलीला लावलं.

*

मामूंना गिरजाबाईचं एक कोडं पडलं होतं. शंभराच्या वर दगड, सगळे माळावरचेच, सगळे काळे. ना नाव, ना खूण. बाईला अक्षरओळख नाही. आणि तरी कुणाचा दगड कुणाचा, हे ती नुसतं बघून सांगायची.

एके दिवशी मामूंनी परीक्षा घेतली. ती चहा प्यायला मागं गेली, तेवढ्यात त्यांनी अधले-मधले दोन दगड आपसात बदलले आणि साळसूदपणे खुर्चीवर येऊन बसले. गिरजाबाई आली. रांगेवरून सावकाश चालत गेली. थांबली. वाकून ते दोन दगड पुन्हा जागेवर ठेवले आणि पुढं चालायला लागली.

"या अल्ला!" मामू उठून उभेच राहिले. "गिरजाबाई, कैसे पहचाना?"

"मामू, मेंढरं राखलीत का कव्हा?"

"नहीं तो."

"साठ मेंढरं व्हती माझी. तुमाला समदी सारखीच दिसली असती. मला परतेकीचं त्वांड येगळं दिसायचं." रांगेकडे बघत ती म्हणाली, "मेंढरं गेली. सून गेली. आता ह्ये दगडं राखते."

मला फार वाईट वाटलं, ते मी तेव्हा दाखवलं नाही. पोलिसाला दाखवता येत नाही असं आपण समजतो. मामूंनी मात्र त्या दिवसापासून तिच्यासाठी स्वतःची खुर्ची आवारात काढून ठेवायला सुरुवात केली. ती त्यावर कधी बसली नाही. खुर्चीवर नातीचं दप्तर ठेवायची.

*

उन्हाळा सरत आला. शब्द दिल्यापासून पाण्याची एकही मारामारी माझ्या हद्दीत झाली नव्हती. उरलं होतं फक्त वार्षिक इन्स्पेक्शन.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोलीस खात्यात इन्स्पेक्शनच्या आधी गेरू आणि चुना यांना जे महत्त्व येतं, ते कायद्यालाही येत नाही. झाडांची खोडं, फुटपाथच्या कडा, कुंड्या, झेंड्याचा ओटा, सगळं लाल-पांढरं. पिढ्यानपिढ्या असंच चालत आलंय. रजिस्टर अर्धवट असेल तर साहेब रागावतात, पण कुंडीला गेरू नसेल तर त्यांना ते ठाणंच वाटत नाही!

आदल्या दिवशी दुपारी मला मुख्यालयात मीटिंगला बोलावलं. मामू कोर्टात साक्षीला गेले होते. निघताना मी घुगेला म्हणालो, "उद्या साहेब येतायत. आवारात एकही वस्तू वेडीवाकडी दिसता कामा नये."

हे वाक्य माझं आहे. त्याचा दोष मी घुगेवर कधीही टाकलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला मी गेटातून आत आलो. आवार लखलखत होतं. झेंड्याच्या खांबाभोवती दगडांचं सुंदर वर्तुळ. तिथून माझ्या केबिनच्या पायरीपर्यंत दोन्ही बाजूंनी दगडांच्या ओळी. एक लाल, एक पांढरा, एक लाल, एक पांढरा. दोरी लावून आखल्यासारख्या!

घुगेनं खाडकन सॅल्यूट ठोकला. गालाला चुना लागलेला, चेहरा उजळलेला.

"सर! एकशे सहा दगड. एकही बाहेरून आणला नाही!"

तेवढ्यात मामू आले. त्यांनी आवार पाहिलं, घुगेला पाहिलं आणि खाली पायरीवर बसले. "साब," ते हळूच म्हणाले, "वो टँकर आ गया."

बायकाही आल्या. गेटाशी थबकल्या. क्षणभर कुणालाच उमगलं नाही. मग एक पुढं झाली, "माझा दुसरा व्हता!" "तुजा कव्हा दुसरा? काल माझ्या मागं व्हतीस की!" "ह्या पोलिसांनीच केलंय मुद्दाम!" आवाज चढला. मागच्या पुढं सरकल्या. एकीनं दुसरीची वेणी धरली. एक हंडा डोक्याच्या वर उचललेला मला स्पष्ट दिसला आणि उन्हाळाभर पाळलेला शब्द आता या मिनिटाला जाणार, हेही दिसलं. लताबाई मध्ये पडल्या, त्यांना कुणी ऐकेना. घुगे रडायच्या बेतात आलेला.

"हंडा खाली ठिव, शांते."

गिरजाबाई होती. आवाज चढवलेला नव्हता. मला वाटतं मेंढरांनाही ती याच आवाजात बोलत असणार. ती खांबापाशी गेली, वाकली, एक लाल दगड उचलला आणि उलटा केला. खालची बाजू काळीच राहिली होती. तिनं त्यावरून अंगठा फिरवला.

"शांता, दुसरा नंबर. घे." दुसरा उचलला. "ह्यो रजियाचा, पाचवा." मग पांढरा. "लताबाई, तुमचा अठरावा. धरा."

ती उचलत गेली, नाव घेत गेली. प्रत्येक बाई पुढं येऊन आपला दगड घ्यायची आणि हातात धरून बाजूला उभी राहायची. गेरू ओला होता, चुना ओला होता. सगळ्यांचे हात रंगले. मीही वाकून दगड उचलून द्यायला लागलो. मामू लागले. घुगेही लागला.

आणि नेमक्या त्याच वेळी, ठरल्यापेक्षा अर्धा तास आधी, मोठ्या साहेबांची गाडी गेटात आली.

साहेबांना काय दिसलं असेल, याचा विचार करून मला आजही घाम फुटतो. पोलीस ठाण्याचं आवार, त्यात शंभरेक बायका आणि प्रत्येकीच्या हातात दगड! गाडी जागच्या जागी थांबली आणि सरळ रिव्हर्स गेली. वायरलेसवर आवाज घुमला, "माळ ठाण्यावर दगडफेकीची तयारी. स्ट्रायकिंग फोर्स रवाना करा!"

मी धावलो. दोन्ही हात वर करून, ओरडत, गाडीमागं. ड्रायव्हरनं माझे लालभडक तळवे पाहिले आणि गाडी आणखी वेगानं मागं घेतली.

"सर, रंग आहे! रंग आहे, सर!"

साहेब अखेर उतरले. मी जमेल तसं सांगितलं. किती कळलं कोण जाणे. त्यांनी फोर्सला परत पाठवलं आणि आत येऊन ते खांबापाशी उभे राहिले.

तोवर गिरजाबाईचं वाटप संपलं होतं. एकेक बाई आपापला दगड खाली ठेवत गेली. पहिला, दुसरा, तिसरा. लाल, लाल, पांढरा, लाल, पांढरा, पांढरा. घुगेच्या डोळ्यांदेखत त्याची सगळी नक्षी मोडली आणि रांग उभी राहिली. एकशे सहा. टँकरचा पाइप सुटला. पहिला हंडा भरायला लागला. आवारात तेवढाच आवाज होता.

साहेबांच्या हातात फाइल होती. माझा पॉइंट हलवायचा कागद त्यातच होता, हे मला ठाऊक होतं.

गिरजाबाई रांग सोडून त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. हात कोपरापर्यंत लाल.

"सायेब, एक इचारू? पानी इथंच ऱ्हानार का रोडच्या पल्याड जानार?"

साहेबांनी फाइल या हातातून त्या हातात घेतली.

"माझी सून त्याच रोडवर गेली. लेक कामावर जातो. आता घरात पानी भरनारी मीच हाय. म्हून इचारते."

मी जमिनीकडे बघत होतो. मामूंनी टोपी काढून हातात घेतली होती. साहेबांनी सही न करताच फाइल माझ्याकडे दिली, गेटाकडे वळले आणि बाहेर पडले. मला वाटलं, गेले. पाहिलं तर ते रस्त्याच्या कडेला वाकले होते. एक दगड उचलला, हातावर तोलून पाहिला, टाकला. दुसरा उचलला. तो घेऊन आत आले, रांगेच्या कडेनं शेवटापर्यंत चालत गेले आणि एकशे सहाव्या दगडामागं तो ठेवला.

गिरजाबाई मागोमाग गेली. तिनं तो दगड नीट पाहिला. पायाच्या अंगठ्यानं जरासा सरळ केला.

"एकशे सात," ती म्हणाली. "सरकवाया रोज सातला यावं लागतंय, सायेब. येनार नाय, त्याचा दगड गेटाभाईर!"